सेलेनियमची गोळी सुरू करण्यापूर्वी

प्रौढांची सेलेनियमची रोजची गरज सुमारे 55 मायक्रोग्रॅम इतकीच असते. म्हणून बाटलीवरील लेबल वाचून एका गोळीतील मात्रा पाहावी आणि मल्टिव्हिटॅमिन चालू असल्यास त्यातील सेलेनियमही हिशेबात धरावे. थायरॉईडच्या संप्रेरकांसाठी हे खनिज अत्यावश्यक आहे, परंतु गरज भागलेली असताना जादा मात्रेने अधिक लाभ होतो असे नाही. 35,000 हून अधिक पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज 200 मायक्रोग्रॅम देऊनही प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नाही. त्यामुळे, माझ्या मते, कमतरता तपासणीत दिसली तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. केस गळू लागले, नखे ठिसूळ झाली किंवा श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.