आपला घोडा दुसऱ्याला बसायला देताना

मेहुण्याला फेरी मारायची असते, मित्राच्या मुलीला शिकायचं असतं आणि आपण "बस की!" म्हणून मोकळे होतो. विम्याची आठवण होते ती कुणी पडल्यावर. ही कामं लगाम हातात देण्याआधी उरकून घ्यावीत.

घोड्याची खोड सांगा, तीही लेखी. पैसा लागत नाही, म्हणूनच बहुतेक जण हे टाळतात. आपला करार कायदा १८७२ चा, तेव्हा त्यात चक्क घोड्यांचीच उदाहरणं सापडतात. कलम १५० मधलं एक असं: घोडा खोडकर आहे हे मालकाला ठाऊक होतं, त्याने ते न सांगता घोडा वापरायला दिला, घोडा उधळला, स्वार पडला, भरपाई मालकाने द्यायची. भाडं घेतलं असेल तर "मला कल्पनाच नव्हती" हीसुद्धा सबब चालत नाही. म्हणून साधा व्हॉट्सअ‍ॅप निरोप पाठवा: "ट्रॅक्टरला बुजतो. मागून कुणी आलं की लाथ झाडतो. तबेल्याकडे तोंड वळलं की आवरत नाही."

कोण बसणार आणि कुठवर जाणार, हेही त्याच निरोपात लिहा. कलम १५४ मालकाच्या बाजूचं आहे. कलकत्त्याहून काशीला जायला म्हणून भाड्याने घेतलेला घोडा एकाने कटकला नेला. चालवला जपूनच, तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई नेणाऱ्याने द्यायची. फक्त स्वतःसाठी मागून नेलेल्या घोड्यावर घरातल्या दुसऱ्याला बसवलं, तरी तोच न्याय. पण मर्यादा तुम्ही घातलीच नसेल तर मोडली म्हणणार कशी?

विमा तीन बाजूंनी तपासा. घोड्याची पॉलिसी मुख्यतः घोडा दगावला तर पैसे देते. स्वाराचं हाड मोडलं तर ती कामाची नाही. भाड्याने देणं त्यात बसतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. स्वाराच्या दवाखान्याचा खर्च त्याच्या आरोग्य विम्यातून निघू शकतो. आरोग्य विम्यातल्या साहसी खेळांच्या ठरावीक अपवादात घोड्यांच्या शर्यतीचं नाव आहे, पण तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होतो. अपघात विम्याच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या निराळ्या वाचा. तिसरी बाजू तुमच्यावर येणाऱ्या दाव्याची. पैसे घेऊन फेऱ्या मारत असाल तर सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी घ्याच, कारण तिथे ग्राहक कायदाही येतो.

'माझ्या जबाबदारीवर बसतो आहे' असा छापील कागद सही करून घेतात, त्यावर माझा फारसा भरवसा नाही. तुमचा निष्काळजीपणा त्याने झाकला जात नाही. अल्पवयीन मुलाची सही तर करार म्हणून धरलीच जात नाही; आई किंवा वडील समोर हवेत.

बसवताना तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, दोनदा आवळा. खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. चार पावलं चालवलं की तंग सैल पडतो आणि खोगीर स्वारासकट एका अंगाला कलतं. हेल्मेटचा पट्टा लावून घ्या. रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पाय अडकू नये म्हणून टाचेचा बूट हवा. जनावराबाबत हलगर्जी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि ही शिक्षा कुठलीच पॉलिसी भरून देत नाही.

अपघात झालाच तर आधी माणूस दवाखान्यात, मग खोगीर-तंगाचे फोटो, आणि त्याच दिवशी कंपनीला फोन. घोडा दगावला असेल तर पशुवैद्याकडून शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका. त्या अहवालाशिवाय दावा अडकतो.