ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जायचंय? साहेबांना पटवायचं कसं

ओरॅकल म्हणजे लायसनचे पैसे भरून वापरायचा डेटाबेस, पोस्टग्रेस म्हणजे लायसन फी नसलेला. मीटिंगमध्ये आपण इंडेक्स, जेसन, रेप्लिकेशन असली तांत्रिक भाषा सुरू केली की मॅनेजर मोबाईल बघायला लागतो, आणि बरोबरच आहे त्याचं, त्याला वर बजेट आणि डाउनटाइमचा जाब द्यायचा असतो. मग आपणही तिथूनच सुरू करायचं.

आधी अकाउंट्सकडून ओरॅकलचं बिल मागून घ्या. एंटरप्राइझ एडिशनची (मोठ्या कंपन्यांसाठीची आवृत्ती) लिस्ट प्राइस एका प्रोसेसर लायसनला ४७,५०० डॉलर आणि सपोर्ट दरवर्षी त्याच्या २२ टक्के. इंटेलच्या प्रोसेसरमधले दोन कोर मिळून एक लायसन धरतात, म्हणजे १६ कोरच्या सर्व्हरला ८ लायसन झाले, ३,८०,००० डॉलर, वर दरवर्षी सपोर्टचे ८३,६०० डॉलर. डिस्काउंट बहुतेक सगळ्यांनाच मिळतो त्यामुळे नेटवरचा आकडा नको, आपल्या कंपनीचंच बिल दाखवा. आणि बचत म्हणून फक्त सपोर्टच धरा, लायसनचे पैसे गेले ते गेले. अजून एक, थोडेच लायसन बंद केले तर उरलेल्यांचा सपोर्ट रेट बदलू शकतो, अॅग्रीमेंट नीट वाचून जा.

पोस्टग्रेसला लायसन फी नाही पण "फुकट आहे" हा शब्द तोंडातून काढू नका प्लीज, कारण पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा) मधला कोड नव्याने लिहिणं, टेस्टिंग, ट्रेनिंग सगळ्याला पैसे लागतात. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (अक्षर नसलेला मजकूर) नल, म्हणजे माहितीच नाही असं धरतं, पोस्टग्रेस धरत नाही, असल्या बारीक गोष्टीत आठवडे जातात. ओरॅकलमधून पोस्टग्रेसवर हलवायच्या ओरा२पीजी टूलचा रिपोर्ट काढा, किती दिवसांचं काम त्याचा अंदाज मिळतो, तो खर्चाच्या रकान्यात टाका. खर्च तुम्ही स्वतःहून सांगितला की बचतीच्या आकड्यावर पण विश्वास बसतो.

"रात्री बंद पडलं तर फोन कोणाला?" हे विचारणारच. पेड सपोर्ट देणाऱ्या दोन कंपन्यांची कोटेशन्स हातात ठेवा. "हे टिकेल का?" विचारलं तर सांगा की पोस्टग्रेसचं काम १९८६ पासून चालू आहे, बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत सुरू झालं, आणि प्रत्येक मोठ्या व्हर्जनला ५ वर्षं चुकांच्या दुरुस्त्या मिळतात. अॅमेझॉनने २०१९ मध्ये स्वतःचे जवळपास ७,५०० ओरॅकल डेटाबेस दुसऱ्या डेटाबेसवर हलवायचं काम संपवलं. सगळे पोस्टग्रेसवर गेले नाहीत, तेही सांगून टाका.

मीटिंगच्या आधी तुमच्या जुन्या डीबीएशी (डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाशी) बोला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंधरा-वीस वर्षं ओरॅकलवर काढलेल्या माणसाला नोकरीची धास्ती वाटते आणि साहेब शेवटी त्यालाच विचारतात. त्याचं ट्रेनिंग आणि नव्या सेटअपमधली त्याची जागा प्रपोजलमध्येच लिहा, त्याला विचारून.

आणि मागायचा फक्त पायलट, म्हणजे छोटा प्रयोग. बिलिंगला हात नको, एखादी आतली रिपोर्टिंग सिस्टीम घ्या, दोन मंथ-एंड दोन्हीकडे चालवा, तेच रिपोर्ट साहेबांना शेजारी शेजारी द्या. परत फिरायचं झालं तर कोण ठरवणार, किती वेळात, हेही कागदावर हवं. हे सगळं सपोर्ट रिन्यूअलच्या निदान सहा महिने आधी सुरू करा, नाहीतर पुढच्या वर्षाचं बिल भरावंच लागतं.