लाँचला बाइकचं पुढचं चाक उचलत होतं, ते असं आवरलं

लाँचला, म्हणजे थांबलेली बाइक जोरात सोडताना, पुढचं चाक उचललं की दोष ताकदीला दिला जातो, पण खरा हिशोब उंचीचा असतो. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्य आडवा किती पुढे, भागिले त्याची जमिनीपासूनची उंची: चाक न उचलता मिळणाऱ्या त्वरणाची मर्यादा तेवढे जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). दोन्ही 700 मिमी असतील तर 1 जी त्वरणालाच चाक सुटतं. म्हणजे 0 ते 100 किमी/तासला 2.8 सेकंद लागणारच, इंजिन कितीही मोठं बसवा.

सगळ्यात मोठा फरक फुकटात पडला, बसण्यात. स्वारासकट गाडी 250 किलो, त्यात स्वार 75. तो 15 सेंमी पुढे सरकला, 10 सेंमी खाली वाकला की गुरुत्वमध्य 45 मिमी पुढे आणि 30 मिमी खाली. मर्यादा थेट 1.11 जी. छाती टाकीवर, कोपरं सैल; हात ताठ असले की धक्क्यासरशी थ्रॉटल नकळत पिळला जातो.

मग फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) ट्रिपल क्लॅम्पमधून, म्हणजे त्यांना धरणाऱ्या पकडीतून, 10 मिमी वर सरकवले, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजून; त्याने गाडीचा पुढचा भाग खाली येतो. फोर्क पूर्ण दबल्यावर टायर कुठे घासत नाही ना, ते आधी बघायचं. हँडल चपळ होतं, वेगात डुगडुगूही शकतं. चेन अ‍ॅडजस्टरने चाक 10 मिमी मागे नेण्याचा फायदा जेमतेम दीड टक्का.

क्लच एकदम सोडला तर इंजिनच्या फिरत्या क्रँकमध्ये साठलेली ऊर्जा धक्क्याने चाकावर येते, म्हणून आरपीएम स्थिर धरून क्लच घसरवत सोडायचा. तरीही चाक तरंगलंच तर थ्रॉटल फटकन बंद करू नका, चाक आपटतं. थोडा कमी करा, किंवा मागच्या ब्रेकला नुसता पाय लावा.