पायी वारीले जाता? टोपी घेण्याआधी हे पहा

शेगावहून पंढरपूरले पायी जायचं ठरलं की सगळे आधी चपला-बुटाचं पाहतात, टोपीचं काही नाही, निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून एखादी कॅप उचलली की झालं. मीही तेच केलं होतं. आता कॅपले चोच फक्त समोर, अन अकोला सोडलं की रस्ता दक्षिणेकडं, म्हणजे सकाळची सगळी चाल होईपर्यंत ऊन डाव्या कानावर, दुपारनंतर उजव्या. रिसोड येईपर्यंत माह्या डाव्या कानाची साल निघाली राजेहो, नाक मात्र जसंच्या तसं.

म्हणून चारी बाजूनं कड असलेली गोल टोपी घ्या, अंपायर घालतात तशी. कड चार बोटं रुंद पाहिजे. त्याहून मोठी घेतली तर वारं सुटलं की फडफडते अन मागची बाजू पाठीवरच्या बॅगेले अडून टोपी कपाळावर सरकते. दुकानात बॅग पाठीवर घेऊनच टोपी घालून पहा अन मान वर करा, लगेच समजते, दुकानदार हसला तर हसू द्या. हनुवटीखाली दोरी पाहिजेच, पातूरच्या घाटात एकाची टोपी उडून खाली गेली ते मी पाह्यलं आहे.

कपडा सुती घ्या, फिकट रंगाचा. टोपी उन्हात धरून आतून पहा, आरपार उजेड येत असेल तर ऊनही येणार. जाळीवाल्या टोपीले हवा लागते खरं, पण टकलावर जाळीचे ठिपके उमटतात! घट्ट घेऊ नका, एक बोट आत गेलं पाहिजे. कपाळाच्या पट्टीले जुन्या बनियनची चिंधी शिवून घ्या म्हणजे घाम डोळ्यात उतरत नाही.

दिंडीत पांढरी गांधी टोपीच लागत असेल तर तिले कडच नसते, मग खाली ओला दुपट्टा कान-मान झाकून बांधा अन वरून टोपी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ओला कपडा वाळता वाळता डोकं थंड करते, दर पाण्याच्या टँकरवर परत ओला करायचा. काहीजण खिशात कांदाही ठेवतात, ठेवा, पण कांदा आहे म्हणून दुपट्टा सोडू नका.

ज्या बायांच्या डोक्यावर तुळस असते त्याईले गोल टोपीचा उपयोग नाही. त्याईनं चुंबळ नीट करावी, जुन्या मऊ सुती लुगड्याची, नायलॉनच्या साडीची केली तर घामानं घसरते. आधी पदर कानावरून घट्ट ओढून घ्यायचा, मग चुंबळ, मग तुळस.

एकानं भागत नाही, दोन ठेवा, कारण पुढं पाऊस लागला की सुती टोपी रात्रभरात वाळत नाही. अन आतून मार्करनं नाव लिहा. मुक्कामात दोरीवर सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात, गंगाखेडले माही बदलली, जी हाती आली ती भुवयांपर्यंत उतरायची, तशीच पंढरपूरपर्यंत घातली.