आहार-सर्वेक्षणात छायाचित्रांवरून वाढलेल्या अन्नाचे प्रमाण ठरवताना

आदल्या दिवशीचा आहार विचारून नोंदवताना "दुपारी भात किती घेतला होता?" या प्रश्नाला "नेहमीइतका" किंवा "दोन पळ्या" असे उत्तर मिळते, आणि कोणाच्या घरची पळी केवढी हे नोंद करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून एकाच पदार्थाच्या लहानमोठ्या वाढींची (एका वेळी ताटात वाढलेल्या अन्नाची) छायाचित्रे समोर ठेवून त्यांतले एक निवडायला सांगतात. पद्धत सोपी दिसते; तिची भिस्त मात्र छायाचित्रांचा संच कसा तयार केला यावर असते.

कॅमेऱ्याआधी तराजू हाती घ्यावा. ज्या भागात सर्वेक्षण करायचे, तेथील काही घरांत प्रत्यक्ष वाढलेले अन्न तोलून ५ व्या ते ९५ व्या पर्सेंटाइलपर्यंतची (म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या पाच-पाच टक्के वाढी सोडून उरलेल्यांची) मर्यादा काढावी. समजा, भातासाठी ती ५० ते ४०० ग्रॅम निघाली आणि आठ छायाचित्रे घ्यायची आहेत. सरसकट ५०-५० ग्रॅमने वाढवत गेल्यास पहिल्या दोन ढिगांत दुपटीचा फरक पडतो, तर ३५० आणि ४०० ग्रॅमचे ढीग शेजारी ठेवूनही ओळखू येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक टप्पा सारख्याच पटीने वाढवावा: ५०, ६७, ९१, १२२, १६४, २२१, २९७ आणि ४००. छायाचित्रांची संख्या सम ठेवावी, कारण विषम संख्येत नेमके मधले छायाचित्र मिळते आणि संभ्रमात पडलेला माणूस त्यावरच बोट ठेवून मोकळा होतो.

छायाचित्र ताटावर बसलेल्या माणसाला दिसते तसे, सुमारे ४५ अंशांच्या कोनातून घ्यावे. अगदी वरून घेतल्यास ढिगाची उंची हरवते. सर्व टप्प्यांसाठी ताट, अंतर आणि प्रकाश तोच ठेवावा आणि मापासाठी शेजारी नेहमीचा चमचा असावा. स्टीलच्या ताटावर उजेड चमकतो, तेव्हा प्रकाश पातळ पडद्यातून येऊ द्यावा. पांढऱ्या ताटात पांढरा भात तर घेऊच नये.

प्रत्येक पदार्थाला हा उपाय लागू पडत नाही, हे अनेक संचांत विसरलेले दिसते. भात, पोहे, उपमा, सुकी उसळ यांना तो चांगला लागू पडतो. भाकरीची जाडी मात्र छायाचित्रात कळत नाही. तिच्यासाठी खऱ्या आकाराची वर्तुळे कागदावर काढून दाखवावीत आणि त्या घरची एक भाकरी तोलावी. आमटीसाठी घरातलीच वाटी मागवून, "काल कुठवर भरली होती?" असे विचारून, तेवढे पाणी ओतायला लावावे आणि ते मोजपात्रात मोजावे. यात वेळ जातो, पण वाटीच्या छायाचित्रापेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा असतो.

मुलाखतीत सर्वाधिक गफलत होते ती एकूण खाण्याविषयी विचारल्यामुळे. आपल्याकडे ताट एकदाच भरून घेत नाहीत. आधी वरणभात, मग पोळीभाजी, शेवटी पुन्हा ताकभात असे वाढणे चालते. म्हणून प्रत्येक वाढीसाठी स्वतंत्र छायाचित्र निवडायला लावून वजनांची बेरीज करावी आणि पानात टाकलेले अन्न तसेच छायाचित्रावरून वजा करावे. लहान मूल आईच्या ताटातून जेवले असेल, तर त्याचे घास आईच्या नोंदीतून वजा करून मुलाच्या नावावर मांडावेत. मुलाखत घेणाऱ्याने "एवढा असेल ना?" असे सुचवणे कटाक्षाने टाळावे.

संच वापरात आणण्यापूर्वी काही जणांचे जेवण त्यांच्या नकळत तोलावे (आहार नोंदवण्याची संमती आधी घेतलेली असावी), दुसऱ्या दिवशी छायाचित्रे दाखवावीत आणि दोन्ही आकडे पदार्थवार ताडून पाहावेत. लहान वाढी फुगवून आणि मोठ्या वाढी कमी करून सांगण्याकडे माणसांचा कल असतो, त्यामुळे नुसती सरासरी जुळली म्हणून समाधान मानू नये. वाढींचे लहान, मध्यम व मोठ्या असे गट पाडून प्रत्येक गटातील फरक वेगळा तपासावा. गटाची सरासरी जुळत असली, तरी एकेका व्यक्तीच्या आकड्यात फरक मोठा असू शकतो. असा संच समूहाच्या आहाराचा अंदाज घेण्यासाठी वापरावा, एखाद्या रुग्णाचा आहार ठरवण्यासाठी नव्हे.