शिक्षा भोगून आलेल्या नामवंत खेळाडूला करार द्यायचा का? ठरवण्याची रीत

आधी दोन प्रश्न वेगवेगळे लिहून घ्या. सुटून आलेल्या माणसाला काम मिळावं का, हा पहिला. त्याला कोट्यवधींचा करार मिळावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच ‘हो’ असतं. कोर्टाने शिक्षा मोजून दिलेली असते, आणि ती संपल्यावर माणसाचं पोट मारण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. दुसरी गोष्ट मात्र हक्काची नव्हे, एरवीच्या खेळाडूलाही नाही. तो करार क्लब, प्रायोजक किंवा वाहिनी आपल्या मर्जीने देते, म्हणून तो का दिला याचं उत्तरही त्यांनीच द्यायचं. ही रीत त्यांच्यासाठी आहे, आणि ज्याला मनापासून मत बनवायचं आहे त्या चाहत्यासाठीही.

निकालपत्र मिळवा आणि वाचा

बातम्यांवर जाऊ नका. आरोपी, दोषमुक्त आणि दोषी या तीन वेगळ्या अवस्था आहेत. शिवाय कोर्टाची शिक्षा वेगळी आणि खेळाच्या मंडळाची बंदी वेगळी. क्रिकेटपटू श्रीसंतला आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून 2013 मध्ये अटक झाली आणि जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं, तरी बीसीसीआयची बंदी तशीच राहिली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करायला सांगितल्यावर ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर 2020 मध्ये संपली. तेव्हा दोन्ही कागद हातात घ्या आणि दोन्हींच्या तारखा तपासा.

निकालात शिक्षेचा आकडा शोधण्याआधी तिची कारणं शोधा. अमेरिकन फुटबॉलपटू मायकल विकला कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल डिसेंबर 2007 मध्ये 23 महिन्यांची कैद झाली, तर त्याच्या दोन साथीदारांना 18 आणि 21 महिने. विकने आपली जबाबदारी पूर्णपणे स्वीकारलेली नाही, असं न्यायाधीशांचं मत होतं. पुढे तो सुधारेल का, हे जोखायला अशा ओळी फार उपयोगी पडतात. गुन्हा एकदा घडला की वर्षानुवर्षं चालला, कबुली स्वतःहून दिली की पुरावे समोर आल्यावर, तपासात खोटं बोलला का, एवढं त्यातून उतरवून घ्या.

गुन्ह्याचा कामाशी संबंध काय

बहुतेक क्लब इथेच चुकतात. ‘गुन्हा किती मोठा’ एवढंच विचारून थांबतात. हे काम दिल्याने त्याच गुन्ह्याची संधी पुन्हा त्याच्या हातात जाते का, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

2010 च्या लॉर्ड्स कसोटीत पैसे घेऊन मुद्दाम नो-बॉल टाकल्याच्या प्रकरणात पाकिस्तानचे मोहम्मद आमिर, मोहम्मद आसिफ आणि कर्णधार सलमान बट तुरुंगात गेले: अनुक्रमे 6 महिने, 12 महिने आणि 30 महिने. आमिर तेव्हा 18 वर्षांचा होता आणि त्याने गुन्हा कबूल केला होता. आयसीसीच्या पाच वर्षांच्या बंदीचे शेवटचे महिने उरले असताना, 2015 मध्ये, परवानगी मिळाल्यावर तो आधी देशांतर्गत क्रिकेटमध्ये उतरला, मग बंदी संपल्यावर जानेवारी 2016 मध्ये पाकिस्तानकडून खेळला. 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित, कोहली आणि धवन यांना बाद केलं, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. बटला डिसेंबर 2023 मध्ये निवड समितीचा सल्लागार नेमलं, तेव्हा इतकी टीका झाली की एका दिवसात नेमणूक मागे घ्यावी लागली. खेळायला परवानगी देणं आणि दुसऱ्यांची कारकीर्द ठरवण्याचा अधिकार देणं यांत मोठं अंतर आहे. कर्णधार, प्रशिक्षक, निवडकर्ता ही पदं द्यायच्या कामांच्या यादीतून आधीच वगळा.

मुलांवरील लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला शिबिरं, शाळाभेटी, अकादमी, मुलांसाठीच्या वस्तूंची जाहिरात यांपैकी काहीही देऊ नका. इथे तडजोडीला जागा नाही.

आधी देणी, मग कमाई

विकच्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग हा आहे. जप्त केलेल्या कुत्र्यांच्या सांभाळासाठी त्याला सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर भरावे लागले. जुलै 2008 मध्ये तुरुंगात असतानाच त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला; कर्ज 1 कोटी 80 लाख डॉलरच्या आसपास होतं. कोर्टाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्याची पुढची कमाई आधी सावकारांकडे वळत गेली आणि स्वतःसाठी ठरावीक रक्कमच उरली. त्यामुळे मोठा पगार मिळाला तरी त्याचा मोठा हिस्सा ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे गेला.

तुम्हीही सही करण्यापूर्वी भरपाईच्या पावत्या आणि देणेकऱ्यांची यादी मागा. बाकी असेल तर पगारातून थेट भरणा होईल असं कलम घाला. ‘नंतर देतो’ हे तोंडी आश्वासन चालत नाही. पीडित व्यक्ती असेल तर तिच्याशी क्लबने किंवा खेळाडूने परस्पर संपर्क करू नये, सगळं वकिलामार्फत किंवा कोर्टामार्फत. तिची माफी प्रसिद्धीसाठी मागायला गेलात, तर तिला दुसऱ्यांदा त्रास दिलात.

पैसा टप्प्याटप्प्याने

फिलाडेल्फिया ईगल्स या क्लबने ऑगस्ट 2009 मध्ये विकला घेतलं ते एका वर्षासाठी, 16 लाख डॉलरला. दुसऱ्या वर्षी 52 लाखांना ठेवायचं की नाही, हे क्लबच्या हातात होतं. लीगने त्याला अटींवर परत घेतलं आणि माजी प्रशिक्षक टोनी डंजी यांना मार्गदर्शक म्हणून सोबत दिलं. 2011 मध्ये सहा वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार झाला, पण 2013 च्या सुरुवातीला तो एका वर्षावर आणला गेला. नायकेने 2007 मध्ये त्याच्याशी संबंध तोडले आणि 2011 मध्ये पुन्हा जोडले. आधी खेळ आणि जाहिराती शेवटी, हा क्रम बरोबर आहे. खेळाडू खेळतो तेव्हा कौशल्याचा मोबदला मिळतो. जाहिरातीत त्याच्या नावावरचा विश्वास विकला जातो, आणि तो मैदानावरच्या आकड्यांनी परत येत नाही.

करार लिहिताना पहिल्या वर्षी खात्रीची रक्कम बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्यात ठेवा, उरलेली सामन्यागणिक. ‘बदनामीकारक वर्तन’ एवढंच लिहिलं तर वाद कोर्टात जातो. करार कशाने रद्द होईल ते नेमकं लिहा: नवा गुन्हा दाखल होणं, सुटकेच्या अटी मोडणं, पीडितेबद्दल जाहीर विधान करणं, जुनी माहिती लपवलेली आढळणं.

घाई केली की काय होतं

मुष्टियोद्धा माइक टायसन बलात्काराच्या गुन्ह्यात तीन वर्षं तुरुंगात राहून मार्च 1995 मध्ये सुटला. पाच महिन्यांच्या आत लास वेगासमध्ये पीटर मॅकनीलीविरुद्धची त्याची लढत 89 सेकंदांत संपली, आणि मिळकत कोट्यवधी डॉलरची झाली. 1997 मध्ये त्याने लढतीत प्रतिस्पर्धी होलिफिल्डचा कान चावला, नेवाडा राज्याच्या आयोगाने त्याचा परवाना रद्द केला आणि 30 लाख डॉलर दंड केला. 2003 मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. एवढा पैसा एकदम आला, पण तो अडवून मोजून देणारी व्यवस्था मध्ये नव्हती.

दुसरी चूक सहखेळाडूंना न विचारण्याची. आमिर शिबिरात आला तेव्हा मोहम्मद हफीज आणि अझर अली यांनी त्याच्यासोबत सराव करायला नकार दिला होता. मन वळवल्यावर ते आले. ते बोलणं निवडीपूर्वी एकेकाशी स्वतंत्रपणे करा, आणि कुणी नकार दिला तर त्याच्या जागेवर गदा येणार नाही हे आधीच सांगा.

निर्णय जाहीर करताना पत्रकातल्या पहिल्याच वाक्यात गुन्ह्याचं नाव आणि शिक्षेचा कालावधी लिहा. ‘भूतकाळातील काही घटना’ असं लिहिलेलं पत्रक परत पाठवा आणि पुन्हा लिहून घ्या.