दुकानात टीव्ही लावायचा की कमर्शियल स्क्रीन?

नागपुरात सीताबर्डी-धरमपेठेत मेनूसाठी सर्रास घरगुती टीव्ही लावतात, कारण तो स्वस्त पडतो. घेण्याआधी एवढं बघा.

१. आतल्या भिंतीवर, आडवा, रोज ४-५ तास? मग टीव्ही चालतो, उगाच पैसे घालू नका. सकाळपासून रात्रीपर्यंत चालवायचा असेल किंवा उभा लावायचा असेल तर १६/७ किंवा २४/७ (म्हणजे रोज १६ किंवा २४ तास, आठवड्याचे सातही दिवस) लिहिलेली कमर्शियल स्क्रीनच घ्या.

२. वॉरंटी कार्ड वाचा. ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असेल तर दुरुस्ती तुमच्या खिशातून.

३. रस्त्याकडच्या काचेत ३०० निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) टीव्ही उन्हात नुसता आरसा होतो.

कमर्शियल घेतली तरी बंद लाकडी खोक्यात बसवू नका. बऱ्याच स्क्रीनची तापमानाची मर्यादा ४० अंश असते, आणि आपला मे महिना ४५ गाठतो.